शेवटच्या पंपाचा दाब कागदावरच ठरतो

दिवाळी उरकते, गहू-हरभऱ्याच्या पहिल्या पाण्याची वेळ येते आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर ठरलेली बातमी झळकते: ‘रोहित्र जळाले, पिके धोक्यात’. मग निवेदने, कार्यालयात खेटे, शेवटी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून नवे रोहित्र. पंधरा दिवस बरे जातात. मग पुन्हा शेवटच्या शेतातली मोटर गुरगुरते, गरम होते आणि रिवाइंडिंगवाल्याच्या दुकानात जाते.

लोक म्हणतात, डीपीच, म्हणजे रोहित्रच, खराब होती. कधी ते खरेही असते. पण पुष्कळदा डीपी धडधाकट असते, फक्त ती चुकीच्या जागी उभी असते. शेवटच्या शेताला किती व्होल्ट मिळणार, हे मोटर सुरू करताना ठरत नाही. खांब कुठे, तार कोणती आणि डीपी कुठे, हे नकाशावर आखले त्याच दिवशी ते ठरून गेलेले असते. ही आखणी कशी होते आणि ती चांगली करणे इतके अवघड का, हे समजायला थोडे आकडे लागतील. गणित मात्र दहावीच्या पुढचे नाही.

## डीपीपासून शेतापर्यंत

उपकेंद्रातून गावाकडे येणारी वीज ११ हजार व्होल्टची असते, पुण्याच्या बाजूला बऱ्याच ठिकाणी २२ हजारांची. ही उच्चदाब वाहिनी. डीपी हा दाब ४१५ च्या आसपास खाली आणते. तिथून निघून शेतातल्या पंपापर्यंत किंवा घरातल्या मीटरपर्यंत जाते ती लघुदाब वाहिनी. तीन फेज मिळून ४१५, एक फेज आणि न्यूट्रल यांच्यात साधारण २४०. नियमानुसार ग्राहकाच्या दारात हा दाब वर-खाली ६ टक्क्यांच्या आत राहायला हवा. म्हणजे ४१५ चे फार तर ३९० व्हावेत.

तार कितीही चांगली असली तरी ती विजेला थोडा अडथळा करतेच. तारेतून जितका जास्त प्रवाह, म्हणजे अँपिअर, जाईल आणि तार जितकी लांब व बारीक असेल, तितके व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. खर्ची पडलेली वीज तार तापवण्यात जाते.

ठिबक सिंचन केलेल्यांना हे निराळे सांगायला नको. लॅटरल, म्हणजे ठिबकची नळी, फार लांब टाकली की शेवटचे ड्रीपर नुसते ओघळतात. कालव्याच्या टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याचे दुःखही हेच. विजेच्या तारेलाही टेल असते.

तारांच्या जाडीवरून एक गंमत. आपल्या खांबांवरच्या ॲल्युमिनियमच्या तारांना ब्रिटिश पद्धतीने प्राण्यांची नावे आहेत: स्क्विरल, वीझल, रॅबिट, डॉग. प्राणी जितका मोठा, तार तितकी जाड. लाईनमन ‘इथे वीझल आहे, रॅबिट टाकायला पाहिजे’ असे म्हणाला, तर तो जंगलाविषयी बोलत नसतो.

## दहा पंपांचा हिशोब

एक किलोमीटरची सरळ वाहिनी घेऊ. डीपी एका टोकाला, ६३ केव्हीए क्षमतेची. दर शंभर मीटरवर ५ अश्वशक्तीचा एक पंप, असे दहा पंप. प्रत्येक पंप साधारण साडेसात अँपिअर घेतो. दहांचे ७५. ६३ केव्हीएची डीपी सुमारे ८४ अँपिअर झेपवते, म्हणजे कागदावर सगळे ठीक आहे.

तार वीझल, तिचा अडथळा किलोमीटरला सुमारे ०.९ ओहम. डीपीपासून पहिल्या खांबापर्यंतच्या तुकड्यात सगळ्या दहा पंपांचे ७५ अँपिअर, पुढच्या तुकड्यात साडेसदुसष्ट, असे कमी होत शेवटच्या तुकड्यात फक्त साडेसात. प्रत्येक तुकड्यातली घट मिळवली की शेवटच्या पंपापाशी दर फेजला सुमारे ३७ व्होल्ट कमी भरतात. तीन फेजच्या भाषेत ते ६४ होतात. डीपीवर ४१५ असतील तर टेलला ३५१. हे ढोबळ गणित आहे, तारेचे बाकीचे गुणदोष मी सोडून दिलेत. प्रत्यक्षात घट याहून थोडी जास्तच निघेल.

मोटरची पिळण्याची ताकद व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. ४१५ चे ३५१ झाले की ती सत्तर टक्क्यांवर येते. विहिरीतले पाणी मात्र तितकेच खोल असते. मग मोटर तेवढे काम रेटायला जादा अँपिअर ओढते, त्या अँपिअरने तार आणखी व्होल्ट खाते, आणि मोटरची वाइंडिंग तापत जाते. वाटेतली हानी पाहा: दहा पंपांना मिळून ४३ किलोवॅट लागतात आणि तारेतच ५.८ किलोवॅट उष्णता होऊन जातात. सातवा-आठवा हिस्सा हवेत गेला, कोणी आकडा न टाकता.

आता बाकी काहीही न बदलता डीपी फक्त मधल्या खांबावर नेऊ. तीच डीपी, तीच वीझल, तेच दहा पंप. दोन्ही अंगांना अर्धा-अर्धा भार जातो आणि अंतरही अर्धे होते. शेवटच्या पंपापाशी फेजची घट ३७ वरून १० वर येते. टेलला ३९७ व्होल्ट, नियमाच्या आत. हानी ५.८ किलोवॅटवरून १.३ वर.

म्हणून तर ठिबकवाला सबमेन शक्यतो शेताच्या मधोमध घेतो आणि लॅटरल दोन्ही बाजूंना सोडतो. विजेच्या आखणीतले हे सर्वांत जुने शहाणपण आहे: डीपी भाराच्या मध्याशी हवी. अंतराच्या मध्याशी नव्हे, भाराच्या. दहापैकी सात पंप नदीकाठाला असतील तर तीही तिकडे सरकायला हवी.

मग ती मधोमध का नसते? कारण तिथपर्यंत उच्चदाब वाहिनी अर्धा किलोमीटर पुढे न्यावी लागते, त्याचा खर्च आला. कुणाच्या तरी बांधावर जागा लागते, आणि आपल्या बांधावर डीपी नको असणारे आणि डीपीपासून लांब नको असणारे शेतकरी बहुधा एकच असतात. शिवाय पहिली डीपी बसली तेव्हा पंप तीनच होते आणि तिघेही तिच्या आसपास. वाहिनी नंतर एकेक खांब करत वाढली. ती कुणी आखलीच नव्हती.

## मोठी डीपी बसवली की झाले?

निवेदनात मागणी असते ती हीच: ६३ ची काढून १०० ची द्या. डीपीच जास्त भाराने जळत असेल, दहाच्या जागी पंधरा पंप झाले असतील, तर ही मागणी रास्त आहे. पण वरच्या उदाहरणात १०० केव्हीए बसवून टेलचा दाब जवळजवळ वाढत नाही. टाकी मोठी केली, पाइप अर्धा इंचीच ठेवला, तर तिसऱ्या मजल्यावरच्या नळाला काय फरक पडणार?

मग जाड तार? वीझल काढून रॅबिट टाकली तर घट ३७ ची २२ होते, टेलला ३७६ व्होल्ट येतात. सुधारले, तरी नियमात बसले नाही. जाड तारेपेक्षा जागा बदलणे इथे जास्त कामी येते. अर्थात हे याच नमुन्यापुरते खरे. दुसऱ्या शिवारात उत्तर उलटे निघू शकते, आणि तीच तर या विषयाची डोकेदुखी आहे.

तरीही जाड तारेचा पैशांचा हिशोब पाहण्यासारखा आहे. किलोमीटरभर वीझलचे वजन १२८ किलो भरते, रॅबिटचे २१४. तीन फेजच्या तारांत मिळून सुमारे २६० किलो धातू जास्त लागला. किलोला २५० रुपये धरले तर ६५ हजार. हानी सव्वादोन किलोवॅटने घटली. वर्षात दोनशे दिवस, रोज सहा तास पंप चालले असे धरू, म्हणजे सुमारे २,८०० युनिट वाचले. युनिटला ५ रुपये धरले तर वर्षाला १४ हजार. चार-पाच वर्षांत तार फिटते, आणि त्यानंतर ती कित्येक वर्षे खांबावर राहते.

‘स्वस्तातली तार’ किती महाग पडते, हे विल्यम थॉमसन या शास्त्रज्ञाने १८८१ सालीच मांडले. तेच पुढे लॉर्ड केल्विन झाले. तारेच्या खर्चाचा वर्षाचा हप्ता आणि वर्षभरात हानीत जाणाऱ्या विजेची किंमत, हे दोन आकडे जिथे सारखे होतात ती जाडी सर्वांत फायद्याची. त्याहून बारीक तार घेतली तर वीज पैसे खाते, जाड घेतली तर धातू.

हा नियम आपल्याकडे अडतो तो माणसांपाशी. तारेचा खर्च एकाच्या खात्यातून होतो आणि हानी दुसऱ्याच्या माथी पडते. महाराष्ट्रात कृषिपंपाची वीज साडेसात अश्वशक्तीपर्यंत २०२४ पासून मोफत आहे, त्यामुळे शेतकऱ्याच्या बिलात ही हानी दिसतच नाही. ती त्याला भेटते रिवाइंडिंगच्या पावतीवर, आणि ती पावती कोणत्याही अंदाजपत्रकात येत नाही.

## पंगतीचे गणित

लग्नाला पाचशे माणसे बोलावली म्हणून कोणी पाचशे पाट मांडत नाही. दीडशेची पंगत उठते, दुसरी बसते. विजेची आखणीही याच विश्वासावर चालते. गल्लीतल्या पन्नास घरांपैकी सगळ्यांचे गीझर, इस्त्री आणि मिक्सर एकाच क्षणी चालू नसतात, म्हणून पन्नास घरांच्या एकूण जोडभारापेक्षा बरीच लहान डीपी पुरते. सगळे मिळून एका वेळी खरोखर किती ओढतील, हा अंदाज आखणीचा पाया असतो.

शेतीत हा पाया खचतो. तीन फेज वीज दिवसातले ठरावीक तासच येते, बऱ्याच ठिकाणी आठवडा दिवसाचा तर आठवडा रात्रीचा. ती आली की सगळ्यांनाच पाणी द्यायचे असते. सगळ्यांची एकच पंगत. त्यात ऑटोस्विच. रात्री दोनला उठून मळ्यात जाण्याऐवजी वीज येताच पंप आपोआप सुरू व्हावा, म्हणून शेतकरी तो बसवतो. बिबट्या आणि सापांच्या शिवारात त्याला दोष कसा द्यायचा? पण सुरू होण्याच्या क्षणी मोटर नेहमीच्या पाच-सात पट प्रवाह ओढते. सहापट धरली तर दहा पंप मिळून ४५० अँपिअर. डीपीची तयारी ८४ ची. फ्यूज उडतो, मग कोणीतरी फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळतो, आणि पुढच्या वेळी फ्यूजऐवजी रोहित्र जाते.

महावितरण दर हंगामात ऑटोस्विच काढा आणि कॅपॅसिटर बसवा असे आवाहन करते, ते यासाठीच. कॅपॅसिटर ही दुर्लक्षित पण फार स्वस्त वस्तू आहे. मोटर कामाच्या विजेसोबत काही प्रवाह नुसता ये-जा करायला ओढते. तो कॅपॅसिटर जागच्या जागी पुरवतो. त्यामुळे तारेतला प्रवाह पंधरा-सोळा टक्के घटू शकतो आणि हानी पाव हिश्शाहून जास्त. ना खांब, ना डीपी, ना मोजणी.

## संगणक असताना चुकते कुठे?

हा आक्षेप मला नेहमी ऐकू येतो, आणि तो बरोबर आहे. हे प्रश्न गणिताचेच आहेत. गंमत म्हणजे गणिताची एक अख्खी शाखा विजेच्या तारांनी पुढे ढकलली. १९२६ साली मोराविया प्रांतात, आजच्या चेक प्रजासत्ताकात, गावोगाव वीज न्यायची होती. कमीत कमी तारेत सगळी गावे कशी जोडायची, हा प्रश्न ओताकार बोरूव्का या तरुण गणितज्ञापुढे आला. त्याची युक्ती वाडीवरच्या कोणालाही समजेल: प्रत्येक गावाने आपल्या सर्वांत जवळच्या गावाला तार जोडावी. त्यातून गट तयार होतील. मग प्रत्येक गटाने सर्वांत जवळच्या गटाला जोडावे. असे करत सगळे एक झाले की त्याहून कमी तारेत काम होणारच नाही.

हे साधे वाटते, पण दहा ठिकाणे एकमेकांना जोडण्याचे वेगवेगळे आराखडे दहा कोटी होतात. वीस ठिकाणांचे मोजले तर चोवीस आकडी संख्या येते. त्यातून बोरूव्काची युक्ती सर्वांत आखूड आराखडा हमखास शोधून देते.

पण सर्वांत आखूड म्हणजे सर्वांत चांगला नव्हे. कमीत कमी तारेचा आराखडा पुष्कळदा सापासारखा लांबलचक निघतो, आणि सापाच्या शेपटीवर कोण बसले आहे हे आपण पाहिले. त्यात तारेची जाडी ठरवायची, डीपी किती आणि कुठे ते ठरवायचे, प्रत्येक दारात ६ टक्क्यांची मर्यादा पाळायची, रस्ता, ओढा आणि हरकतीही सांभाळायच्या. एक गोष्ट बदलली की बाकीच्या सगळ्यांचे उत्तर बदलते. इथे हमखास युक्ती उरत नाही. संगणक चांगला आराखडा घेतो, थोडा बदलून पाहतो, सुधारला तर ठेवतो, असे हजारो वेळा करतो. उत्तर परिपूर्ण नसते, पण माणसाच्या पहिल्या रेघोटीपेक्षा बहुधा सरस असते.

तेही माहिती खरी असेल तर. कोणते घर कोणत्या फेजवर आहे, हे नकाशात असायला हवे. आपल्याकडे एका फेजला दाब कमी वाटला की वायरमन किंवा घरधनीच जोडणी दुसऱ्या फेजवर टाकून मोकळा होतो, आणि नकाशाला ते कळत नाही. हा किरकोळ मामला नाही. ९० अँपिअर तिन्ही फेजवर ३०-३०-३० वाटले तर न्यूट्रलमधून जवळपास काहीच जात नाही. तेच ९० एका फेजवर कोंबले तर तितकेच न्यूट्रलमधूनही परततात आणि हानी सहापट होते. हे टोकाचे उदाहरण झाले, पण गावठाणातल्या डीपीवरचा भार या दोन टोकांच्या कुठेतरी अधेमधे असतोच.

स्मार्ट मीटरवर एरवी वाद पुष्कळ आहेत, आणि ते इथे सुटणार नाहीत. पण आखणी करणाऱ्याला त्यातून एक गोष्ट मिळते. मीटर दर काही मिनिटांनी दाब नोंदवतो, आणि एका फेजवरच्या सगळ्या घरांचे व्होल्ट एकाच तालात वर-खाली होतात. त्या तालावरून कोण कुणाच्या फेजवर आहे, हे खांबावर न चढता ओळखता येते.

## मग प्रत्येकाला वेगळी डीपी?

जवळपास हीच कल्पना २०१८ पासून राज्यात कृषिपंपांसाठी आणली गेली. तिचे नाव उच्चदाब वितरण प्रणाली, बोलीत एचव्हीडीएस. ११ हजारांची वाहिनीच शेतापर्यंत न्यायची आणि एक-दोन पंपांना मिळून एक छोटे रोहित्र द्यायचे. आपल्या उदाहरणातले ७५ अँपिअर ११ हजार व्होल्टवर पावणेतीनच होतात, आणि त्याच तारेतली हानी सातशे पटींनी घटते. ११ हजारांच्या तारेवर आकडा टाकण्याचे धाडसही कोणी करत नाही. रोहित्र जळाले तरी एक-दोघांचेच पाणी थांबते, आणि ते आपलेच आहे म्हटल्यावर लोक त्याची काळजीही घेतात.

खर्च मात्र मोठा. शिवाय प्रत्येक रोहित्र पंप बंद असतानाही, वाहिनी चालू आहे तोवर थोडी वीज खातच राहते. मोठ्या एकत्र घरात एकच चूल धगधगते, वेगळे झाले की दहा चुली पेटतात, तसे. म्हणून ते सरसकट सगळीकडे शहाणपणाचे ठरत नाही. २०२० च्या कृषिपंप वीजजोडणी धोरणात अंतराचा एक सोपा ठोकताळा आला: २०० मीटरपर्यंत लघुदाब, त्यापुढे ६०० मीटरपर्यंत उच्चदाब, त्याहून लांब असेल तर सौरपंप. या तिसऱ्या पायरीत मला खरी आखणी दिसते, कारण कधीकधी सर्वांत चांगली तार म्हणजे तारच नसणे.

## छतावरचे सौर काय करणार?

आतापर्यंत वीज एकाच दिशेने वाहत होती. ‘पीएम सूर्यघर’ योजना २०२४ मध्ये आली आणि छतांवर पॅनेल चढू लागले. आता दुपारी घरात माणूस नाही, पंखे बंद, आणि तीन किलोवॅट वर तयार होतायत. ते तारेतून उलटे डीपीकडे निघतात. ढकलायला दाब जास्त लागतो, म्हणून आता टेलचे व्होल्ट उतरण्याऐवजी चढतात. मर्यादेपलीकडे गेले की इन्व्हर्टर स्वतःला बंद करतो, आणि मालक विचारतो, कडक ऊन असताना युनिट कमी कसे?

संध्याकाळी दाब कमी पडतो म्हणून कुणी डीपीचा दाब कायमचा वाढवून ठेवला असेल, तर दुपारचा हा प्रश्न आणखी बिघडतो. एकाच तारेला आता दोन परीक्षा आहेत: संध्याकाळी सगळ्यांनी ओढण्याची आणि दुपारी सगळ्यांनी ढकलण्याची. जुनी आखणी पहिल्याच परीक्षेसाठी केलेली होती.

## स्टार्टरवरचा काटा

तुमचा पंप टेलला असेल, तर निवेदन लिहिण्याआधी स्टार्टरच्या पेटीवरचा व्होल्टमीटर दोनदा पाहा. शेजारचे पंप चालू असताना, आधी आपला पंप बंद ठेवून आणि मग सुरू करून. आपला पंप सुरू झाल्यावर काटा दहा-बारा व्होल्टने उतरला, तर किलोमीटरभर वीझलवर ते अपेक्षितच आहे. चाळीसने उतरला, तर आधी खांबापासून पंपापर्यंतची आपली सर्व्हिस वायर आणि तिचे जोड तपासून घ्या. ती बारीक असेल किंवा जोड गंजलेला असेल, आणि त्याला नवी डीपी काही करू शकत नाही. आपला पंप बंद असतानाच काटा ३६० वर असेल, तर मात्र दोष वाहिनीचा किंवा त्याच्याही वरचा आहे. अशा वेळी लाईनमनकडून त्याच घटकेला डीपीवरचा दाब मोजून घ्या. डीपीवर हात घालणे आपले काम नाही. तिथेच कमी असेल तर प्रश्न वरच्या वाहिनीचा किंवा डीपीवरच्या भाराचा. तिथे ४१५ आणि तुमच्याकडे ३६०, तर निवेदनात ‘डीपी बदला’ असे लिहू नका. डीपीपासून शेवटचा पंप किती मीटर, मध्ये पंप किती आणि तार कोणती, हे लिहा, आणि डीपी पुढे सरकवण्याचे अंदाजपत्रक मागा.